कान एकटा म्हातारा होत नाही

उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. ऑडिओग्रामचा कागद कुठल्याही देशातला घ्या, खुणा बहुधा याच. डावीकडून उजवीकडे जावं तसा आवाज बारीक होत जातो, २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत. रेघ जितकी खाली उतरेल तितकं ऐकणं कमी. माझी उमेदीची सगळी वर्षं या गोल-फुल्यांच्या संगतीत गेली, आणि तीही इचलकरंजीत, यंत्रमागांच्या गावात. इथे बहिरेपणाचं कारण विचारावं लागत नाही. बूथमध्ये शिरायच्या आधीच माणूस सांगून मोकळा होतो, "मागावर हुतो म्याडम. कान जायचंच."

त्यात खोटं काही नाही. धोट्याच्या मागांनी भरलेल्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आत काम करणारी माणसं हातवारे आणि ओठांची हालचाल यांवर बोलतात, आणि सुट्टीच्या दिवशी घरीही तशीच बोलतात. पण 'माग' हे उत्तर इतकं सोयीचं आहे की त्यापुढे कुणी काही विचारत नाही, रुग्ण नाही आणि तपासणाराही नाही.

कॉलेजात आम्हाला म्हातारपणचा बहिरेपणा झटपट शिकवला गेला. कानाच्या आत शंखाच्या आकाराची, अडीच वेढ्यांची कॉक्लिआ. तिच्यात साधारण साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केसपेशी. माणूस जन्माला येताना असतात तेवढ्याच. मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. शंखाच्या तोंडाशी बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी, शेंड्याशी जाड आवाज टिपणाऱ्या. तोंडाशी असलेल्या आधी मरतात, म्हणून वय झालं की स, श, फ, ख ही व्यंजनं आधी जातात आणि स्वर शाबूत राहतात. 'साठ' म्हटलं तर 'आठ' कळतं. सासरे म्हणतात, "ऐकाय येतंय, पर कळत न्हाई." सून म्हणते, "त्यांना पायजे तेवढं बरोबर ऐकू येतं." माझ्यासमोर बसून दोघंही खरंच बोलत असतात.

परीक्षेत पास व्हायला एवढं पुरे होतं. वापरानं आणि गोंगाटानं पेशी झिजतात, झिजल्या की मशीन लावायचं. बाकीच्या शरीराशी कानाचं देणंघेणं नाही, अशी एकूण समजूत. तिला आधारही होता: मेंदूप्रमाणे अंतर्कर्णालाही रक्तापासून वेगळं ठेवणारा एक अडसर असतो, त्यामुळे रोगप्रतिकार यंत्रणेचा तिथे फारसा वावर नाही, असं बरीच वर्षं मानलं जात होतं.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात दोन सख्खे भाऊ आले. वयात फार अंतर नाही, एकाच शेडमध्ये शेजारशेजारच्या मागांवर तरुणपण काढलेलं. थोरल्याचा ऑडिओग्राम पुस्तकात छापावा असा: ४००० हर्ट्झला खोल खाच आणि ८००० ला रेघ पुन्हा थोडी वर. गोंगाटानं गेलेला कान असाच दिसतो. धाकट्याच्या कागदावर खाच शोधावी लागत होती, कारण त्याची सगळी रेघच खाली सरकली होती, जाड आवाजांपासून बारीक आवाजांपर्यंत जवळजवळ सपाट. बोलता बोलता कळलं, धाकट्याला ऐन तिशीत आमवात जडला, बोटं वाकडी झाली, तेव्हा माग सुटला आणि तो एका दुकानात हिशेब लिहायला बसू लागला. म्हणजे मागाचा आवाज त्यानं थोरल्यापेक्षा कमी वर्षं झेलला होता आणि कान मात्र जास्त गेले होते. आमच्या केसपेपरवर गोंगाट, कानाचा जुना आजार, घराण्यातला बहिरेपणा यांचे रकाने होते. सांध्यांसाठी रकाना नव्हता.

दोन भावांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. आमवाताच्या रुग्णांना दिली जाणारी काही औषधंही कानाला त्रास देतात. पण तो सपाट कागद माझ्या डोक्यात राहिला, आणि पुढे मी अशा सपाट रेघांकडे जरा जास्त वेळ पाहू लागले.

या रेघेचं वर्णन आधीच झालेलं होतं. बॉस्टनचे हॅरॉल्ड शुक्नेख्त यांनी दान केलेल्या कानांच्या हाडांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९६० च्या दशकात म्हातारपणच्या बहिरेपणाचे प्रकार पाडले. एकात केसपेशी मरतात, एकात नस क्षीण होते, आणि एकात 'स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस' सुकते. ही कॉक्लिआच्या बाहेरच्या भिंतीवरची, केशवाहिन्यांनी गच्च भरलेली पट्टी. आतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब ती अहोरात्र टिकवून धरते आणि त्या दाबावरच केसपेशींचं काम चालतं. पट्टी सुकली की पेशी जिवंत असूनही त्यांना जोर मिळत नाही, आणि सगळ्याच आवाजांचं ऐकणं एकदम खाली येतं. हे सगळं मी कॉलेजात वाचलं होतं. या पट्टीचं सगळं जगणं रक्तावर आहे, तेव्हा रक्त बिघडलं तर तिला आधी कळेल, एवढी साधी गोष्ट मात्र वाचताना लक्षात येत नाही.

ती एका प्राथमिक शिक्षिकेमुळे आली. बाई चाळिशीच्या आतल्या. मागाशी संबंध नाही, घराण्यात कुणी बहिरं नाही. काही आठवड्यांत दोन्ही कान उतरत गेले. दर पंधरवड्याला कागद काढावा तर रेघ आणखी खाली, मध्येच एकदा थोडी वर, पुन्हा खाली. नसेचा बहिरेपणा वर येत नाही, हे आमचं घोकलेलं वाक्य. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी रक्ततपासण्या केल्या, एमआरआय काढला आणि मोठ्या डोसात स्टेरॉइड सुरू केलं. त्यानंतरच्या तपासणीला बाई बूथमध्ये बसल्या आणि मी आवाज कमी करत गेले, तरी त्यांचं बटण दाबणं थांबेना. शब्द ओळखायच्या चाचणीत आधी निम्मेसुद्धा शब्द येत नव्हते, ते आता जवळजवळ सगळे आले. त्या बाहेर गेल्यावर मी ऑडिओमीटरचं कॅलिब्रेशन तपासून पाहिलं. यंत्र ठीक होतं.

या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच कानावर हल्ला करते. आयोवाचे ब्रायन मॅककेब यांनी १९७९ साली अशा १८ रुग्णांचं वर्णन केलं होतं. आजार विरळा आहे आणि गोष्ट गोड शेवटाची नाही: स्टेरॉइड कमी केलं की बाईंची रेघ पुन्हा घसरायची, पुढे औषधाचा गुण येईनासा झाला, आणि आज त्यांच्या दोन्ही कानांना मशीन आहे. शाळा मात्र त्यांनी सोडली नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर स्टेरॉइडच्या आधीच्या आणि नंतरच्या त्या दोन कागदांनंतर कानाला बाकीच्या शरीरापासून वेगळं धरणं मला जमलं नाही. प्रतिकार यंत्रणा इतक्या थोड्या आठवड्यांत कान पाडू शकते आणि तिला आवरलं की तो वर येऊ शकतो, तर हेच काम ती कमी जोरानं, तीस-चाळीस वर्षं करत राहिली तर?

हा प्रश्न विचारणारी मी पहिली नव्हते. इटलीचे क्लॉडिओ फ्रान्चेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'इन्फ्लमेजिंग'ची कल्पना मांडली: वय वाढतं तसा शरीरात एक मंद, कायमचा दाह सुरू राहतो. ताप नाही, ठणका नाही, सूज डोळ्यांना दिसत नाही. राखेखालचा विस्तव म्हणावा तसा. प्रतिकार यंत्रणेच्या म्हातारपणाला दोन बाजू आहेत. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ही ग्रंथी असते. टी पेशी तिथे तयार होतात. वयात आल्यानंतर ती आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी येते. साठीनंतर नव्या टी पेशी फार थोड्या निघतात, शरीर जुन्यांवर भागवतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाला साधा न्यूमोनियाही जड जातो. दुसरीकडे यंत्रणेचा जन्मजात, सरसकट हल्ला करणारा भाग मात्र सतत जागा राहतो. विभाजन थांबलेल्या पण मरत नसलेल्या पेशी, पोटावरची चरबी, सुजलेल्या हिरड्या, हे सगळे इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफसारखे निरोप रक्तात सोडत राहतात. नव्या शत्रूसाठी बळ अपुरं आणि घरच्या घरी चिडचिड कायम.

अंतर्कर्णात प्रतिकार यंत्रणेचा वावर नाही, ही समजूतही टिकली नाही. मॅक्रोफेज नावाच्या, साफसफाई आणि राखण करणाऱ्या पेशी कॉक्लिआत कायमच्या मुक्कामाला असतात. स्ट्रायामध्ये त्या केशवाहिन्यांना बिलगून बसतात आणि रक्त व कान यांच्यातला अडसर सांभाळतात. म्हाताऱ्या उंदरांत त्यांचा आकार बदलतो, केशवाहिन्या विरळ होतात, अडसर झिरपू लागतो. दान केलेल्या मानवी कानांतही वयानुसार या पेशी बदललेल्या दिसल्या आहेत. गोंगाट झाला की रक्तातून आणखी मॅक्रोफेज कॉक्लिआत येतात. आमच्या गावाच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं, कारण माग आणि दाह ही दोन वेगळी कारणं नसून एकाच वाटेवर भेटणारी असू शकतात.

या सगळ्यामुळे माझ्या रोजच्या कामातल्या काही जुन्या गोष्टींचा उलगडा झाला. एक म्हणजे वाहणारे कान. आमच्या भागातल्या खेड्यांत कान वाहणं हे आजार म्हणून धरतच नाहीत. लसूण घालून कढवलेलं तेल ओतायचं आणि कापसाचा बोळा कोंबायचा. पडद्याला भोक, म्हणजे आवाज आत पोचत नाही, हा बहिरेपणा शस्त्रक्रियेनं सुधारण्याजोगा. पण वर्षानुवर्षं कान वाहिलेल्या माणसांच्या कागदावर बोन कंडक्शनची, म्हणजे हाडातून थेट कॉक्लिआत पोचवलेल्या आवाजाची, रेघही उतरलेली दिसायची, मुख्यतः बारीक आवाजांना, आणि तीही फक्त वाहणाऱ्या बाजूची. मधल्या कानातल्या दाहाची रसायनं 'राउंड विंडो' या पातळ पडद्यातून झिरपून कॉक्लिआत जातात, आणि तो पडदा शंखाच्या तोंडाशीच आहे. बारीक आवाज आधी का जातात, याचं एक उत्तर इथेही आहे. हे सांगितल्यावर लोक तेल ओतायचं थांबवतात असं नाही, पण एखादी आई पोराला डॉक्टरकडे लवकर नेते.

दुसरी गोष्ट टीबीची. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला पूर्वी कॅनामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं महिनोन् महिने घ्यावी लागत. ही औषधं केसपेशी मारतात. असे रुग्ण तपासणीसाठी माझ्याकडे येत. ८००० हर्ट्झच्या वरचे आवाज आधी तपासायचे, म्हणजे धोका लवकर कळतो. सारखा डोस, सारखं वजन, आणि एकाचं ऐकणं महिन्याभरात कोसळतं तर दुसऱ्याचं शेवटपर्यंत टिकतं, असं का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. एक गवंडीकाम करणारा तरुण होता. इंजेक्शन सुरू झालं तेव्हा त्याला जोराचा ताप आणि दुसरा जंतुसंसर्गही होता. कान किती झपाट्यानं गेले ते मी कागदोकागदी पाहिलं. जगला, हे खरं. पण परांचीवर चढलेल्या माणसाला खालून मारलेली हाक ऐकू येत नसेल तर मुकादम त्याला कामावर कशाला ठेवेल? २०१५ साली अमेरिकेतल्या एका गटानं उंदरांवर दाखवलं की शरीरात जंतूंच्या विषामुळे दाह पेटलेला असेल तर याच जातीचं औषध कॉक्लिआत जास्त शिरतं आणि नुकसानही जास्त करतं. जनुकांचाही वाटा असतो, त्यामुळे त्या तरुणाचं नेमकं कारण मी ठामपणे सांगणार नाही. आता त्या टीबीला बेडाक्विलिनसारख्या गोळ्यांचा उपचार आला आहे आणि असे कागद माझ्याकडे क्वचित येतात. या व्यवसायात इतकी निखळ चांगली बातमी मी दुसरी पाहिलेली नाही.

माणसांतला पुरावा पाहावा तर तो मोह पडण्याइतका आहे, खात्री देण्याइतका नाही. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर इथे ६३ ते ७४ वयाच्या सहाशेंहून अधिक लोकांची तपासणी झाली. २०१२ साली आलेल्या त्या निष्कर्षांत पांढऱ्या पेशी, इंटरल्यूकिन-६ आणि सीआरपी ही दाहाची चिन्हं ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांचं ऐकणं कमी असा संबंध दिसला. वय, धूम्रपान, गोंगाट हिशेबात धरूनही. पण इतर काही पाहण्यांत सीआरपीचा असा स्पष्ट संबंध सापडला नाही. जपानी संशोधकांनी लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या जातीच्या उंदरांत तरुण थायमसचं रोपण केलं, तर त्यांचं ऐकणं टिकलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. एनएलआरपी३ या जनुकातल्या बिघाडानं दाह सतत पेटता राहणाऱ्या काही कुटुंबांत बहिरेपणा येतो, आणि इंटरल्यूकिन-१ ला अडवणारं अनाकिन्रा हे औषध दिल्यावर काहींचं ऐकणं सुधारलं, हे २०१७ साली छापून आलं. उलट बाजूही पाहा: ज्या उंदरांच्या मॅक्रोफेजना केसपेशींच्या भागात नीट पोचता येत नाही, त्यांच्यात केसपेशी मेल्यावर नसेच्या पेशीही जास्त मरतात. म्हणजे राखणदाराला सरसकट हाकलून चालत नाही.

मग साधं दाहशामक औषध रोज दिलं तर? तेही करून झालं. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या लोकांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी देऊन तीन वर्षं ऐकणं मोजलं. २०२४ साली निकाल आला: काही फरक नाही.

हा निकाल मी प्रिंट काढून टेबलाच्या खणात ठेवला आहे, कारण तो दाखवायची वेळ वारंवार येते. 'अँटी-इन्फ्लमेटरी' हा शब्द बाजारात फार चालतो आहे. हळदीचा अर्क, माशाचं तेल, कुठल्यातरी बेरीची पूड भरलेल्या कॅप्सूल घेऊन प्रतिनिधी येतात. मशीन घेणाऱ्या प्रत्येक आजोबांना एक डबा लिहून द्या, म्हणतात. कमिशनचा आकडाही सांगतात. आजोबांचा मुलगा आधीच मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ पाहून आलेला असतो, त्यालाही ते हवंच असतं. मशीनच्या किमतीनं दचकलेल्या माणसाला गोळी स्वस्त वाटते. मी नाही म्हणते. आमटीतली हळद खा, डब्यातल्या हळदीनं कान वर आल्याचा कागद मी अजून काढलेला नाही. विज्ञानात एखादी गोष्ट निम्मी कळली की बाजारात ती पूर्ण कळलेली असते, याचा मला खरा संताप येतो.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगते. एका रात्रीत एक कान गेला तर 'दडा बसलाय, सुटेल' म्हणून आठवडे घालवू नका. अचानक आलेल्या नसेच्या बहिरेपणात स्टेरॉइड द्यायचं असेल तर ते पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडण्याची शक्यता जास्त. महिन्यानं आलेल्या माणसासाठी तज्ज्ञांच्या हातात फार काही उरत नाही. सर्दी, मळ, विमानप्रवास ही कारणं शोधत बसलेली कितीतरी माणसं मी उशिरा पाहिली आहेत.

आता माझ्या केसपेपरवर सांधे, मधुमेह, सोरायसिस, हिरड्या, तंबाखू, जुनी मोठी दुखणी यांचे रकाने आहेत. लोकांना ते विचित्र वाटतं. मागावरून निवृत्त झालेले एक काका मागच्या वर्षी आले. साखर भरपूर, हिरड्यांतून रक्त, मिश्रीची सवय. कागदावर खाच होती आणि तिच्यासकट सगळी रेघ खाली. मी प्रश्न विचारत गेले तसे ते वैतागले.

"म्याडम, दात हालत्यात त्याचा कानाशी काय संबंध?"

मी जमेल तसं सांगितलं.

"मंजे साखर उतरली, दात नीट झालं, की ऐकाय येणार?"

"नाही काका. गेलेलं परत येणार नाही. मशीन लागणारच."

"मग इचारताय कशाला?"

पुढचं घसरणं कदाचित हळू होईल, असं मी म्हटलं. 'कदाचित' हा शब्द त्यांना आवडला नाही, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पैसे मोजणाऱ्या माणसाला कदाचित कशाला हवं? तरी काकूंनी रेटा लावला. मधुमेहाची औषधं नियमित झाली, मिश्री सुटली म्हणतात, हलणारे दात काढून कवळी बसवली. परवा वर्षाची तपासणी झाली तेव्हा रेघ होती तिथेच होती. एका वर्षात ती तशीही फार उतरली नसती, त्यामुळे श्रेय कुणालाच देता येत नाही. काका मात्र तक्रार घेऊन आले होते: कवळी बसल्यापासून भाकरी चावताना मशीन शिट्टी मारतं. कवळीनं जबडा हलण्याची ढब बदलली होती, त्याबरोबर कानाच्या नळीचा आकारही, आणि मशीनचा कानात बसणारा जुना साचा सैल पडला होता. मी कानात नवं सिलिकॉन भरलं आणि साचा सुकेपर्यंत त्यांना न बोलता बसायला सांगितलं. ते त्यांना जमलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा भरलं.